छत्री अजून आमच्याकडेच आहे, काकू

छत्रीवाल्या काकूंना,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव मला माहीत नाही. आप्पा तुम्हाला 'सिस्टर' म्हणायचे, मी काकू म्हणत राहिलो, आणि नाव विचारायचं बापलेकांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. तुम्ही कऱ्हाडकडच्या, लेकीच्या बाळंतपणासाठी पुण्यात आलेल्या, प्राथमिक आरोग्य केंद्रातून निवृत्त झालेल्या. बस, एवढंच ठाऊक. आप्पांच्या रेबीजच्या लसीचा शेवटचा डोस झाल्यावर पेढे घेऊन तुमच्या लेकीच्या सोसायटीत गेलो, तर भाडेकराराचे अकरा महिने संपले म्हणून त्यांनी जागा बदललेली. वॉचमनकडे नवा पत्ता नव्हता. पेढे त्यालाच दिले आणि घरी येऊन हे अनावृत पत्र लिहायला बसलो.

ऑगस्टातली सकाळ होती, भुरभुर चालू होती. आमच्या कर्वेनगरच्या बागेच्या दारावर 'कुत्री आत आणू नयेत' अशी ठसठशीत पाटी आहे. पण पुण्यात पाट्या लिहिणारे पुष्कळ, वाचतात ते बाहेरगावचे. तो भलामोठा कुत्रा रोज यायचा. मालक आत आल्या आल्या साखळी काढून स्वतःच्या खांद्यावर टाकायचे आणि हात मोकळे सोडून चालायला लागायचे. कुणी हटकलं की उत्तर ठरलेलं : "काही करत नाही हो तो." एकदा त्यानं एका पोराच्या हातातला बिस्किटांचा पुडा हिसकावला, पोरगं उताणं पडलं, तेव्हाही "खेळतोय" असंच. आम्हीही पुढं काही बोललो नाही. रोज दिसणारी माणसं, कशाला वाईटपणा घ्या.

त्या दिवशी आप्पा वळणावरच्या बाकाशी होते, मी पन्नासएक पावलं पुढं. मागून ओरडा आला. पाहतो तर कुत्र्यानं आप्पांची पोटरी धरलेली. आता खरं तेच लिहितो, कारण तुम्ही ते पाहिलेलं आहे. वाफ्याच्या कडेचा दगड उचलून मी ओरडत पुढं झालो, कुत्रा पोटरी सोडून माझ्याकडे वळला, आणि मी पळालो. ७४ वर्षांच्या बापाला तिथंच टाकून, उलट्या दिशेला.

"दादा, पळू नका ओ! झाडागत थांबा! आन् तो दगड टाका खाली!"

मी थांबलो ते तुमच्या आवाजाच्या धाकानं, अक्कल आली म्हणून नव्हे. तुम्ही मधे येऊन उभ्या राहिलात आणि ती लांब दांड्याची काळी छत्री त्याच्या तोंडासमोर फट्‌कन उघडलीत. मारली नाहीत, नुसती उघडलीत. कुत्र्याला समोरचं माणूसच दिसेना. त्यानं छत्रीची कड चावली, एक काडी वाकली, तरी तुम्ही ओढाताण केली नाही. छत्री पुढं धरून तिरक्या उभ्या, त्याच्या डोळ्यांत न बघता, आणि मला हळू आवाजात सूचना : हात छातीशी घ्या, खाली बघा, हलू नका. पळणारं काहीही दिसलं की पाठलाग करायचा हा त्याच्या रक्तातला खेळ, आणि मी त्याला तोच खेळायला देत होतो, हे तुम्ही नंतर रिक्षात सांगितलंत. तोवर मालक धापा टाकत आले आणि त्यांनी साखळी अडकवली.

आणि पहिलं वाक्य काय, तर "आजोबांनी काठी उगारली असणार." आप्पा काठी वापरतच नाहीत. माझं डोकं फिरलं. मी त्यांच्या गचांडीला हात घालणार तेवढ्यात तुम्ही माझं मनगट धरलंत. "भांडण कुठं पळून जात नाही, दादा. आधी नळ कुठं आहे ते सांगा."

काकू, तुमचे आभार मानायचे ते मुख्यतः या वाक्यासाठी. छत्रीचं धाडस सगळ्यांना दिसलं, बागेत अजून तीच गोष्ट सांगतात. पण रागानं अंग थरथरत असताना आधी काय आणि नंतर काय हे ज्याला कळतं, ते माणूस त्या घोळक्यात एकच होतं.

दारातल्या कारल्याच्या रसवाल्याकडून तुम्ही भांडी घासायची साबणाची वडी मागून आणलीत. माळीदादांचा नळ सोडून आप्पांची पोटरी पाण्याखाली धरली आणि मनगटावरचं घड्याळ बघत बसलात. मी पाच मिनिटांनी रुमाल काढला, तर म्हणालात, "पंधरा म्हणजे पंधरा." रेबीजच्या विषाणूवरचं आवरण स्निग्ध असतं, साबणानं ते फुटतं, म्हणून वाहतं पाणी आणि साबण हाच पहिला उपचार, हे तिथं उभ्या असलेल्या एकाही पदवीधराला माहीत नव्हतं. एका आजींनी हळद दाबायला सांगितली, एका गृहस्थांनी तिखट. "ते घरी भाजीत घाला," एवढंच तुम्ही म्हणालात. आप्पा एवढ्या वेदनेतही हसले.

जवळच्या एका दवाखान्यात नेलं, तर तिथं धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं आणि टाके घालायची तयारी चालवली. मी मान डोलावणारच होतो. तुम्ही दारातूनच नाही म्हणालात. दात आरपार गेलेत, रक्त आलंय, म्हणजे तिसऱ्या वर्गाची जखम, हिला नुसती लस पुरणार नाही, सीरम, म्हणजे रेबीजशी लढणारी तयार प्रतिपिंडं, लागेल, आणि ते जखमेतच भरावं लागतं. टाके घालायची घाई करायची नाही. मग रिक्षा, महापालिकेचं रुग्णालय, केसपेपरची रांग. लस अंगात ताकद तयार करायला आठवडा-दोन आठवडे घेते, तोवर राखण सीरमची, असं तुम्ही आप्पांना समजावलंत. त्यांच्या डोक्यात अजून पोटातली चौदा इंजेक्शनं होती. प्रत्यक्षात दोन्ही दंडांवर कातडीत एकेक बारीक सुई, तीही ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. "डास चावतो तसं," म्हणाले. सीरमच्या वेळी मात्र त्यांनी तुमचा हात इतका आवळला होता की तुमची एक बांगडी पिचली. तीही तुमची आमच्याकडे बाकी आहे.

भांडण पळून गेलं नाहीच, पण तुम्ही त्याला वेगळंच वळण लावलंत. संध्याकाळी मला घेऊन त्या मालकांच्या दारात गेलात आणि विचारलंत काय, तर "लसीचं कार्ड दाखवता का?" कार्ड निघालं. शेवटचा शिक्का दोन वर्षांपूर्वीचा. महापालिकेचा परवाना काढलेलाच नव्हता. गृहस्थ खजील झाले. सोसायटीतले काहीजण पोलिसांत जा म्हणत होते. पाळीव जनावराबाबत हयगय केली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो, हे त्यांनी वाचून काढलं होतं. तुम्ही त्यांना अडवलं नाहीत, आमच्या हक्काची गोष्ट आहे म्हणालात. पण कुत्रा दहा दिवस डोळ्यांसमोर राहिला पाहिजे, त्याला कुठं हलवू नका, असं मालकांकडून कबूल करून घेतलंत. दहा दिवस तो धडधाकट राहिला, तर चावताना त्याच्या लाळेत रेबीज नव्हता. मी रोज संध्याकाळी त्यांच्या गॅलरीखाली उभा राहून वर बघायचो. दहाव्या दिवशी तो कठड्यातून तोंड काढून चपाती चघळत होता. इतका गरीब दिसला की मला त्याचाही राग येईना. मालकांचा अजून येतो. तक्रार आम्ही केली नाही. आप्पा नको म्हणाले, मला ते पूर्ण पटलेलं नाही.

तुम्हाला माहीत नसलेली एक गंमत सांगतो. त्या रविवारी बागेत सभा भरली, ती कशासाठी, तर दारातली चार भटकी कुत्री उचलून लांब कुठंतरी सोडून यायची म्हणून! चावला पट्टेवाला आणि सभा बिनपट्टेवाल्यांवर. मला तुमचं बोलणं आठवलं. चौघांच्याही कानाला खाच आहे, म्हणजे नसबंदी झालेली, आणि त्याच वेळी लसही टोचलेली. प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ प्रमाणे अशी कुत्री जिथून उचलली तिथंच परत सोडावी लागतात. त्याच नियमांत आहे की खाऊ घालायची जागा मुलांच्या खेळण्यापासून आणि येण्या-जाण्याच्या वाटेपासून दूर हवी. मी उभा राहून हे सगळं बोललो, सभेत बोलायची माझी पहिलीच वेळ. आता बिस्किटं टाकणारे दोघेजण मागच्या भिंतीशी जातात आणि दारातली गर्दी मोडली आहे. पट्टेवाला महाशय बागेत येत नाहीत. सकाळी रस्त्यानं जाताना दिसतात, साखळी दोन वेढे देऊन मुठीत. मालक माझ्याकडे बघत नाहीत, कुत्रा बघतो.

आप्पा परत फिरायला लागलेत, पण वळणावरच्या बाकापर्यंत गेले की मागं पाहतात. पोटरीवर चार खुणा आहेत. नातीचं बारसं कसं झालं, नाव काय ठेवलं, हे त्यांना तुम्हाला विचारायचंय.

वाकलेली काडी मंडईजवळच्या दुरुस्तीवाल्याकडून बदलून घेतली. कापडाला दातांची दोन भोकं आहेत, ती मात्र आप्पांनी शिवू दिली नाहीत. छत्री दाराआड उभी आहे. लेकीकडे आलात की बागेच्या दारातल्या रसवाल्याला नुसतं 'साबणाची वडी' म्हणा. त्याच्याकडे माझा नंबर आहे, तो लगेच फोन करेल. तुमची बांगडी मापाची आणायची तर तुम्ही सोबत असलेल्या बऱ्या, म्हणून घेतलेली नाही.

आपला,
आप्पांचा मुलगा