व्हिएनचा पोरका सम्राट

ती. आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, रविवारी व्हिएनला जाऊन आले. ऑस्ट्रियातलं व्हिएन्ना नव्हे. हे इथे फ्रान्समध्ये, ल्याँच्या दक्षिणेला, र्‍होन नदीकाठी आहे. गावाच्या मधोमध ऑगस्टस आणि लिव्हियाचं देऊळ अजून उभं आहे. पण मी गेले होते ती दुसऱ्या व्हॅलेंटिनियनसाठी. 15 मे 392 रोजी हा रोमन सम्राट इथेच गळफास लागून मेलेला सापडला. वय जेमतेम वीस.

375 मध्ये त्याचे वडील परक्या टोळीच्या दूतांवर भडकले आणि त्या संतापातच झटका येऊन गेले. आठवडा उलटायच्या आत सेनापतींनी या चार वर्षांच्या पोराला सम्राट केलं. सावत्र भाऊ ग्रेशियन आधीच गादीवर होता, त्याला विचारलंसुद्धा नाही. तुम्हाला सवाई माधवराव आठवले असतील. मलाही आठवले. पण याला नानांसारखा राज्य राखणारा कारभारी मिळाला नाही.

होती ती आई, जस्टिना. आई, तिच्याबद्दल तुला मुद्दाम लिहितेय. ती एरियन पंथाची, म्हणजे येशूला देवपित्याच्या बरोबरीचा न मानणाऱ्या ख्रिस्ती पंथाची. 386 मध्ये मिलानमध्ये आपल्या पंथासाठी एक चर्च मिळावं म्हणून दरबाराने हट्ट धरला आणि बिशप अँब्रोजने साफ नकार दिला. सैनिकांचा वेढा पडला, तर लोक आतच ठाण मांडून बसले. त्यांचा धीर खचू नये म्हणून अँब्रोजने सगळ्यांना एकत्र स्तोत्रं म्हणायला लावली. तुझ्या भजनी मंडळाला हे नक्की सांग. शेवटी दरबारालाच माघार घ्यावी लागली. पंधराएक वर्षांच्या त्या मुलाला आपल्याच राजधानीत एक चर्च मिळेना.

पुढच्याच वर्षी मॅक्झिमस इटलीत घुसला. हाच तो, ज्याच्या बंडात 383 मध्ये ग्रेशियनचा जीव गेला होता. मायलेकरं थेस्सलोनिकीला पळाली. पूर्वेचा सम्राट थिओडोसियस मदतीला आला, व्हॅलेंटिनियनची बहीण गॅला हिच्याशी त्याने लग्नही केलं. मॅक्झिमस संपला, पण त्याच सुमारास जस्टिनाही गेली. पोराला इकडे गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्समध्ये धाडलं, आर्बोगास्ट नावाच्या फ्रँक टोळीतल्या सेनापतीच्या देखरेखीखाली.

व्हॅलेंटिनियनने एकदा हिंमत केली. सिंहासनावर बसून आर्बोगास्टच्या हातात बडतर्फीचा हुकूम ठेवला. त्याने तो वाचला, ‘हे पद तुम्ही दिलेलं नाही, तुम्हाला ते काढून घेताही येणार नाही’ असं सुनावलं, कागद फाडून टाकला आणि चालता झाला. भर दरबारात! मग व्हॅलेंटिनियनने बोलावलं कुणाला, तर त्याच अँब्रोजला. त्याच्या हातून बाप्तिस्मा हवा होता. अँब्रोज आल्प्स ओलांडत असताना वाटेतच मृत्यूची बातमी आली.

खून की आत्महत्या, यावर आजही वाद आहे. मला खून वाटत नाही. आर्बोगास्टने मारलं असतं, तर दुसरा सम्राट तयार ठेवला नसता का? युजीनियसला गादीवर बसवायला त्याला ऑगस्ट उजाडला. त्या मुलाला तो अपमानच सोसला नाही, असं मला वाटतं.

मिलानमध्ये जस्टा आणि ग्राटा या बहिणी त्याच्या शवपेटीपाशी रडत राहिल्या. अंत्यविधीच्या भाषणात अँब्रोजने त्यांचं सांत्वन केलं आणि बाप्तिस्म्याची इच्छा धरली तिथेच त्याला तो मिळाला, असं सांगितलं. एके काळी ज्याच्याशी झगडा, त्यानेच अखेर त्याची बाजू घेतली, हे मला फार मोठं वाटतं.

बाबा, खुनाबद्दल तुमचं मत सविस्तर कळवा. आई, गुडघ्याचं तेल संपलं असेल तर मागवून घे.

तुमची लेक