हिरव्या आकड्यांपलीकडचे अलाइनमेंट

महोदय,

आपल्या वाहनविषयक पुरवणीत गेल्या आठवड्यात स्पोर्ट्स कारच्या व्हील अलाइनमेंटविषयी, म्हणजे चाकांचे कोन जुळवण्याविषयी, आलेले टिपण वाचले. पुढच्या चाकांना उणे अडीच ते तीन अंश कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा उभ्या रेषेपासूनचा कल) दिल्यास गाडी वळणावर रस्त्याला चिकटून धावते, असे त्यात म्हटले आहे. विधान चुकीचे नाही; परंतु ते कोणत्या गाडीला, कोणत्या टायरवर आणि कोणत्या रस्त्यावर लागू पडते, हे न सांगितल्यामुळे हौशी वाचकाचे टायर आणि खिसा दोन्ही लवकर झिजण्याची शक्यता आहे.

वळणावर गाडीचे धड बाहेरच्या बाजूला कलते, त्याबरोबर बाहेरचे चाकही कलते आणि टायरची बाहेरची कडच काय ती रस्त्यावर दाबली जाते. चाकाचा माथा मुळातच थोडा आत झुकवून ठेवला, म्हणजे ऋण कॅम्बर दिला, तर त्या क्षणी टायर पूर्ण रुंदीने टेकतो. कोइम्बतूरजवळच्या कारी या शर्यतीच्या ट्रॅकवर किंवा चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर गाडी जवळजवळ सतत वळतच असते, शिवाय फेऱ्या संपताच टायरचे तापमान आतल्या कडेला, मध्यभागी आणि बाहेरच्या कडेला मोजून कॅम्बर कमी-जास्त करण्याची सोय तेथे असते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मात्र घाट सोडला तर बहुतेक वेळ सरळ जायचे असते. तेथे तीन अंश कॅम्बरची गाडी टायरच्या आतल्या पट्टीवरच धावते आणि जोरात ब्रेक लावल्यावर हवी तेवढी पकडही मिळत नाही.

हे लिहिण्याचे धाडस मी स्वतःच्या अनुभवावरून करीत आहे. माझ्याकडे पोर्शे केमन ही एक जुनी स्पोर्ट्स कार आहे. सस्पेन्शनचे काम झाल्यावर एका वर्कशॉपने अलाइनमेंट करून छापील कागद हाती दिला, त्यात सगळे आकडे हिरवे होते. तरीही गाडी उजवीकडे ओढत होती. आपल्याकडे वाहतूक डावीकडून असल्याने रस्त्याचा उतार आपल्याला डावीकडे मिळतो, म्हणजे गाडी सरकायचीच तर डावीकडे सरकायला हवी. म्हणून मला त्याचे अधिकच नवल वाटले. कागद नीट वाचल्यावर उलगडा झाला. डाव्या चाकाचा कॅम्बर उणे १.० अंश होता आणि उजव्याचा उणे ०.२. दोन्ही आकडे मर्यादेत, म्हणून दोन्ही हिरवे. पण गाडी ज्या बाजूचा कॅम्बर अधिक धन, म्हणजे येथे कमी ऋण, असतो त्या बाजूला ओढते. यंत्र प्रत्येक चाक मर्यादेत आहे की नाही एवढेच रंगाने सांगते. दोन चाकांमधला फरक माणसाने पाहायचा असतो.

टिपणात ज्याचा केवळ ओझरता उल्लेख आहे, तो टो, म्हणजे वरून पाहता चाकाचे पुढचे टोक आत (टो-इन) किंवा बाहेर (टो-आउट) वळलेले असणे, मला कॅम्बरपेक्षा महत्त्वाचा वाटतो. एखादे चाक सरळ दिशेपासून केवळ ०.१ अंश वळलेले असेल, तरी हिशेबाने ते दर किलोमीटरमागे सुमारे पावणेदोन मीटर आडवे घासले जाते. कॅम्बरला दोष देऊन फेकलेले कित्येक टायर प्रत्यक्षात टोने खाल्लेले असतात. पुढच्या चाकांना किंचित टो-आउट दिला तर गाडी वळणात चटकन शिरते, मात्र सरळ रस्त्यावर ती सारखी चुळबुळत राहते. मागच्या चाकांचा टो-आउट तर सामान्य चालकाने टाळावाच, कारण ओल्या घाटात एक्सलरेटरवरून अचानक पाय काढला तर गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला जाऊ शकतो. केमनसारख्या मध्यभागी इंजिन असलेल्या गाडीत वजन मागे अधिक असते, म्हणून तेथे तर विशेषच जपावे लागते.

दुसऱ्या वेळी मी स्वतः उभा राहून काम करून घेतले. आधी टायर थंड असताना हवा तपासली आणि सस्पेन्शनच्या सांध्यांतले झिजलेले रबरी बुश बदलले, कारण बुशमध्ये ढिलाई असताना केलेले अलाइनमेंट दोन खड्ड्यांपुरते टिकते. नंतर चालकाच्या आसनावर पंचवीस किलोची तांदळाची तीन पोती ठेवली. कारागीर हसला, पण मी गाडी बहुधा एकटाच चालवतो आणि माझे वजन साधारण तेवढेच आहे. मागची चाके आधी लावली, कारण गाडी कोणत्या दिशेने ढकलली जाते हे तीच ठरवतात. मग पुढचा कॅस्टर (बाजूने पाहता चाक ज्या अक्षाभोवती वळते त्याचा कल) दोन्ही बाजूंना सारखा असल्याची खात्री करून घेतली, कॅम्बर लावला आणि टो सर्वांत शेवटी, कारण कॅम्बर हलवला की टो आपोआप बदलतो.

कॅम्बर पुढे उणे ०.८ अंश, मागे उणे १.५ अंश, पुढचा टो जवळपास शून्य आणि मागे प्रत्येक चाकाला सुमारे ०.१५ अंश टो-इन, असे आकडे मी निवडले. पुढे याहून अधिक कॅम्बर दिला असता तर पुढची पकड वाढून गाडीचा मागून घसरण्याकडे कल वाढला असता, जे मला ताम्हिणीच्या पावसात नको होते. हे आकडे माझ्या गाडीपुरते आहेत, वाचकांनी ते जसेच्या तसे उचलू नयेत. गाडी आता सरळ धावते. पुढच्या डाव्या टायरची आतली कड मात्र हाताला अजून किंचित खरखरीत लागते, तेव्हा पावसाळा संपताच तेथील टो पुन्हा मोजून घेणार आहे.

आपला,
एक वाचक, पुणे