रविवारची बैठक : डोंगराजवळचं उड्डाण आणि कंट्रोलरची सूचना

सर्व सभासदांना नमस्कार.

रविवारी सायंकाळी ५ वाजता कोथरूडला नेहमीच्या जागी जमायचं आहे. लोहगाव विमानतळाचा डिपार्चर चार्ट (उड्डाणानंतरचा मार्ग दाखवणारा नकाशा) छापून आणा. मोबाईलवरचा नको, त्यावर पेन्सिलीने रेघा मारायच्या आहेत.

विषय १६ डिसेंबर २०१६ च्या घटनेचा. लॉस एंजेलिसहून तैपेईला निघालेल्या ईव्हा एअरच्या बोइंग ७७७ ला उजवीकडे वळवायचं होतं, पण जमिनीवरून विमानांना दिशा देणाऱ्या कंट्रोलरच्या तोंडून 'डावीकडे' गेलं. रात्रीची वेळ, पुढे माउंट विल्सन हा डोंगर. विमान बचावलं, पण थोडक्यात.

वैमानिकाने कंट्रोलरची चुकीची सूचना शब्दशः परत म्हणून दाखवली तरी ती चुकीचीच राहते. रडारवरून दिशा देताना डोंगरापासून अंतर राखणं कंट्रोलरचं काम आहेच, पण वळणापलीकडे काय आहे हे वैमानिकालाही आधीच ठाऊक हवं. आपली धावपट्टी समुद्रसपाटीपासून साधारण १,९४० फुटांवर, सिंहगडाचा माथा ४,३०० च्या आसपास. किमान सुरक्षित उंची गाठण्याआधी तिकडे वळायला सांगितलं, तर काय बोलाल? नेमकं वाक्य तयार करून या. नवीन मुलं इथेच अडखळतात, संकोचतात. म्हणून मोठ्याने सराव घेणार आहोत.

येणं जमत नसेल तर शनिवारपर्यंत कळवा.