गांडुळांच्या डब्याला रोज पाणी कशाला?

महोदय,

घरच्या गांडूळ खताविषयी कुठेही वाचा, ‘रोज पाणी शिंपडा’ हा सल्ला हमखास असतो. उघड्या वाफ्याला तो लागू पडतो, कारण तिथे वारा लागतो आणि जास्तीचे पाणी जमिनीत मुरते. झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यात मात्र तोच गांडुळांच्या जिवावर उठतो. भाजी-फळांच्या कचऱ्यात बहुतांश पाणीच असते, ते कुजताना सुटते आणि डब्यातच साठते. गांडूळ कातडीने श्वास घेते. कातडी ओलसर हवीच, पण डब्यातल्या मालातील पोकळ्या पाण्याने भरल्या की हवा संपते आणि कुजका वास सुरू होतो.

ओल हातानेच तपासावी. मूठभर माल घट्ट पिळल्यावर एखाद-दुसरा थेंब यावा. धार लागली तर कोरड्या पुठ्ठ्याचे किंवा वर्तमानपत्राचे तुकडे भरपूर मिसळावेत (गुळगुळीत, चकचकीत कागद नको), तळाची भोके बुजली आहेत का ते पाहावे आणि दोन-तीन दिवस झाकण किलकिले ठेवावे. मुंग्या झाल्या असतील तर उलट समजावे: माल सुकला आहे. पाणी तेव्हा शिंपडा.

दुसरा घोळ खाण्याचा. एक किलो गांडुळे दिवसाला अर्धा किलो कचरा खातात, हा हिशेब डब्यात रुळलेल्या गांडुळांचा. नव्या डब्यात दीडशे ग्रॅमपासून सुरुवात करावी आणि आधीचे बहुतेक संपल्याशिवाय पुढचे घालू नये. कचरा बारीक चिरून एका कोपऱ्यात पुरावा, वर पाच सेंटिमीटर कोरड्या कागदाचा थर द्यावा. चिलटांवर याहून चांगला उपाय नाही.

तेलकट-खारट अन्न, मांस, दूध नकोच. लिंबू-संत्र्याच्या साली अगदी थोड्या. धान्य-पीठ जास्त झाले की ते आंबते, आम्लता वाढते. गांडुळांच्या अंगावर मण्यांसारख्या गाठी दिसल्या तर तेच झाले आहे. ते अन्न लगेच काढून टाकावे आणि अंड्याच्या टरफलांची बारीक पूड मिसळावी. चुना घालू नये, त्याने गांडुळे पोळतात. पांढऱ्या दोऱ्यासारखे बारीक किडे म्हणजे गांडुळांची पिल्ले नव्हेत. निरुपद्रवी असतात, पण ओल किंवा आम्लता वाढल्याची ती खूण.

डबा सावलीत, 15 ते 25 अंश सेल्सिअस तापमानात उत्तम चालतो. 35 च्या वर गांडुळे मरू लागतात. ताजे कापलेले गवत एकदम भरू नये, ते आतून तापते.

तळाशी साचणारे काळे पाणी व्हर्मीवॉश (गांडुळांपासूनचे द्रवखत) म्हणून वाटले जाते, तेही थांबायला हवे. तो अर्धवट कुजलेल्या मालाचा निचरा आहे, पालेभाजीवर तो फवारू नये.

नवी गांडुळे पहिल्या काही रात्री भिंतीवर चढतात. डब्यावर दिवा चालू ठेवला की ती खाली राहतात. रुळलेली गांडुळे एकदम वर येऊ लागली, तर मात्र दिव्याने भागणार नाही. त्याच दिवशी माल उकरून ओल आणि वास तपासावा.

– एक वाचक