कागदी देखाव्यांना आतून आधार हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मार्च २०१८ मध्ये राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आल्यानंतर खानदेशातील अनेक मंडळे आणि शाळा पुठ्ठ्याकडे वळल्या. पारोळ्याचा भुईकोट किल्ला, पाटणादेवीचे मंदिर, अजिंठ्याची लेणी कागदात उभी राहताना पाहून मनापासून आनंद होतो. मात्र रंगकामाला जितका वेळ दिला जातो, त्याच्या पावपटही सांगाड्याला मिळत नाही आणि भाद्रपदातल्या दमट हवेत चार दिवसांत तटबंदी पोट काढते, शिखर कलते. मग दोष कागदावर येतो आणि पुन्हा थर्माकोलची आठवण निघते. कागदावर हा अन्याय आहे, असे मला वाटते.

लहान प्रतिकृती बाहेरच्या पुठ्ठ्याच्या बळावर तग धरते. उंची दोन-तीन फुटांवर गेली की भार आतल्या पट्ट्यांवर सोपवावा लागतो. पारोळ्याच्या बुरुजाचेच पाहा. नुसती कार्डशीट गुंडाळून केलेला बुरूज वर चर्या (कठड्याचे दातेरी कंगोरे) चढवताच लंबगोल होऊ लागतो. त्याऐवजी बाटल्यांच्या खोक्यातल्या कप्प्यांप्रमाणे दोन उभ्या पट्ट्या एकमेकींत अडकवाव्यात, ग्रे बोर्डाच्या (जाड राखाडी पुठ्ठ्याच्या) गोल चकत्यांना अधिकच्या चिन्हाची खाच पाडून त्या दर चार-पाच इंचांवर या पट्ट्यांत ओवाव्यात आणि मगच बाहेरून कार्डशीट चढवावी. पट्ट्यांची खाच निम्म्या उंचीपर्यंत आणि पुठ्ठ्याच्या जाडीइतकीच रुंद हवी, कारण सैल खाचेची भरपाई फेव्हिकॉलने होत नाही. खोक्याचा पुठ्ठा वापरत असाल तर भार घेणाऱ्या पट्टीत त्याच्या पन्हाळ्या (आतल्या नागमोडी कागदाच्या नळ्या) उभ्याच ठेवाव्यात.

जाडीचे गणितही मुलांना जरूर दाखवावे. दोन सारखे पुठ्ठे एकावर एक नुसते ठेवले तर ताठपणा दुप्पट होतो. तेच पूर्ण पृष्ठभागावर नीट चिकटवले तर तो सुमारे आठपट होतो, कारण ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. चिकटवल्यावर ते सपाट फळीवर वजनाखाली रात्रभर ठेवावेत, नाहीतर गोंदातल्या पाण्याने वाकतात. तटबंदीचे पोट काढण्यामागेही पाणीच असते. कागदाचे तंतू ओलावा शोषून रुंदीत फुगतात, आणि रंग फक्त बाहेरून दिलेला असला की आतली उघडी बाजू अधिक फुगते. म्हणून चिकटवण्याच्या जागा सोडून आतूनही रंगाचा किंवा व्हार्निशचा एक हात द्यावा. आत दिवे सोडायचे असल्यास ते न तापणारेच असावेत आणि वायरी पुठ्ठ्याला घासू देऊ नयेत.

देखाव्यांच्या स्पर्धा भरवणाऱ्यांना आणि शालेय प्रदर्शनांच्या परीक्षकांना माझी विनंती आहे की, प्रत्येक मोठ्या प्रतिकृतीला मागच्या बाजूने एक झडप ठेवायला सांगावी, बॅटरी मारून आतली बांधणी पाहावी आणि तिला स्वतंत्र गुण द्यावेत. गुण दिसले की मुले सांगाड्याकडे आपोआप वळतील. चित्रकलेच्या आणि कार्यानुभवाच्या शिक्षकांनी गणेशोत्सवाच्या महिनाभर आधी मंडळांतील कार्यकर्त्यांसाठी एक दिवस काढला, तर तालुक्या-तालुक्यात हे काम शिकवता येईल. आपल्या दैनिकाने आषाढातच अशा सांगाड्यांच्या मापांसह आकृत्या छापाव्यात, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त कलाशिक्षक,
जि. जळगाव