बिघडलेल्या हार्ड डिस्कची प्रत न घेताच दुरुस्ती करायला लावल्याबद्दल तक्रार

फोंडा, गोवा
दिनांक : १४ जुलै २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : २ टीबी पोर्टेबल हार्ड डिस्कबाबत सहाय्यवाणीने दिलेला हानिकारक सल्ला व वॉरंटीखाली डिस्क बदलून देण्यास दिलेला नकार.

संदर्भ : आपल्या सहाय्यवाणीवर १६ जून व १८ जून २०२५ रोजी नोंदविलेल्या माझ्या दोन तक्रारी.

महोदय,

ऑगस्ट २०२३ मध्ये मी आपल्या कंपनीची वरील डिस्क पणजीतील एका दुकानातून ६,४९९ रुपयांना विकत घेतली. तिची वॉरंटी तीन वर्षांची असून बिल माझ्यापाशी आहे. डिस्क बिघडली याचा मला फारसा राग नाही. यंत्र म्हटले की ते कधी ना कधी बिघडायचेच. ती बिघडत असताना आपल्या माणसांनी माझ्या हातून जे करवून घेतले, त्याबद्दल हे पत्र लिहीत आहे.

आमच्या वाड्यावरील देवळाच्या जत्रेला दरवर्षी गावचीच मंडळी रात्री मराठी नाटक उभे करतात. गोव्यात राहणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. २००९ पासून मी ही नाटके आणि देवळातला भजनी सप्ताह चित्रित करीत आलो आहे, सुरुवातीला कॅमकॉर्डरवर आणि २०१७ पासून मोबाइलवर. त्यात दिसणाऱ्या मंडळींपैकी काहीजण आता हयात नाहीत. हे सारे एकाच डिस्कवर, दुसरी प्रत न काढता ठेवले, ही चूक सर्वस्वी माझी आहे आणि तिचे खापर मी आपल्या डोक्यावर फोडू इच्छित नाही.

१४ जून रोजी संध्याकाळी मुसळधार पावसात वीज गेली. त्या वेळी डिस्क घरच्या डेस्कटॉपला जोडलेली होती व तीवर काही फाइली उतरवून घेणे चालू होते. यूपीएसची बॅटरी जुनी असल्याने संगणक तत्क्षणी बंद पडला. वीज आल्यावर विंडोजने ड्राइव्हमध्ये अडचण असल्याचे सांगून तो तपासून दुरुस्त करण्याची सूचना दाखविली. ती मी स्वीकारली नाही. ड्राइव्ह उघडत होता, निम्म्याहून अधिक फोल्डर दिसत होते, मात्र २०१४ आणि २०१९ या दोन वर्षांचे फोल्डर उघडू जाता ते दूषित असून वाचता येत नाहीत असा संदेश येत होता. केबल बदलली, यूएसबीचे दुसरे पोर्ट वापरून पाहिले, शेजाऱ्यांच्या लॅपटॉपला जोडून पाहिले. फरक पडला नाही.

१६ जून रोजी सकाळी मी सहाय्यवाणीला फोन केला. आपल्या प्रतिनिधीने डिस्कचे मॉडेल, अनुक्रमांक व खरेदीची तारीख विचारली. आतल्या मजकुराची दुसरी प्रत आहे का, डिस्कमधून काही आवाज येतो का, फाइली उघडायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागतो का, यांपैकी एकही प्रश्न त्याने विचारला नाही. त्याने थेट चेकडिस्क ही विंडोजमधील डिस्क तपासणारी आज्ञा चालवायला सांगितले आणि तिच्यापुढे ‘एफ’ व ‘आर’ अशी दोन्ही अक्षरे जोडायला लावली. ‘यात माझ्या फाइली जाणार तर नाहीत ना?’ असे मी विचारले, तेव्हा ‘सर, ही दुरुस्तीची आज्ञा आहे, फॉर्मॅटची नव्हे’ असे उत्तर मिळाले. शब्दशः पाहता ते खरे होते, पण त्याच्या भरवशावर मी एंटरची कळ दाबली.

या दोन अक्षरांचा अर्थ आपल्या विभागाला ठाऊक असणारच, तरीही फोनवरच्या माणसाने तो मला सांगितला नाही म्हणून येथे मांडतो. ‘एफ’ म्हणजे सापडलेल्या चुका जागेवरच दुरुस्त करणे, अर्थात मूळ डिस्कवर लिहिणे. ‘आर’ म्हणजे डिस्कचा प्रत्येक सेक्टर, अर्थात मजकूर साठविण्याचा लहानसा कप्पा, वाचून खराब जागा शोधणे. ज्या डिस्कचा पृष्ठभाग आधीच खराब होत चालला आहे, तिला असे टोकापासून टोकापर्यंत वाचायला लावणे म्हणजे पाय मुरगळलेल्या माणसाला आधी डोंगर चढून ये, मग तपासतो, असे सांगण्यासारखे आहे. २ टीबीच्या निरोगी डिस्कलाही या कामास बरेच तास लागतात. माझ्या डिस्कवर पहिल्या टप्प्यातील दुरुस्त्या काही मिनिटांत लिहून झाल्या आणि मग वाचन सुरू झाले. रात्री साडेअकराच्या सुमारास डिस्कमधून टिकटिक ऐकू येऊ लागली. प्रत्येक टिकटिकीनंतर चार-पाच सेकंद सारे स्तब्ध होई, आणि पुन्हा तोच आवाज. पाल चुकचुकावी असा तो आवाज होता, आणि माझ्या मनातली पालही त्याच वेळी चुकचुकली. तरी ‘मध्येच बंद करू नका’ असे बजावलेले असल्यामुळे मी हात आवरला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत काम अकरा टक्क्यांवर अडकून राहिले, आणि शेवटी मीच ते थांबविले. त्यानंतर डिस्क पुन्हा जोडली असता ड्राइव्ह माउंटच झाला नाही, म्हणजे उघडण्याजोगा जोडलाच गेला नाही. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंट या सोयीत डिस्कवरील विभागाच्या नावापुढे ‘रॉ’ असे दिसू लागले, म्हणजे त्यावर कोणती फाइल सिस्टिम (फाइली मांडून ठेवण्याची पद्धत) आहे हेच विंडोजला ओळखता येईना.

१८ जूनच्या दुसऱ्या फोनवर दुसऱ्या प्रतिनिधीने फॉर्मॅट करायला सांगितले. मी नकार दिला, तेव्हा ‘मग आमच्याकडून आणखी काही होण्यासारखे नाही’ असे म्हणून तक्रार निकालात काढण्यात आली. आपल्या सेवा केंद्राने नंतर ईमेलने कळविले की फाइल सिस्टिममधील दोष हा सॉफ्टवेअरचा दोष असल्याने तो वॉरंटीत बसत नाही. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असा हा प्रकार वाटल्याने मी माझ्या भाच्याला बोलाविले. तो संगणकाच्या कामातला आहे.

त्याने सर्वप्रथम डिस्क विंडोजपासून दूर ठेवली आणि विंडोजऐवजी लिनक्स या कार्यप्रणालीवर चालणारा स्वतःचा लॅपटॉप आणला. ड्राइव्ह आपोआप माउंट होण्याची सोय बंद करून त्याने डिस्कने स्वतः ठेवलेल्या नोंदी, ज्यांना स्मार्ट नोंदी म्हणतात, त्या वाचल्या. खराब ठरल्याने राखीव जागेवर बदली झालेले सेक्टर ४० आणि वाचता न आल्याने निर्णयाच्या प्रतीक्षेत असलेले सेक्टर १८४ असे आकडे तेथे होते. निरोगी डिस्कवर हा दुसरा आकडा शून्य असायला हवा. म्हणजे दोष केवळ सॉफ्टवेअरचा नव्हता, आणि हे कळायला त्याला दोन मिनिटेही लागली नाहीत. आपल्या प्रतिनिधीने हीच दोन मिनिटे १६ जूनच्या सकाळी खर्च केली असती तर हे पत्र लिहिण्याची वेळ आली नसती.

नंतर त्याने नवी ४ टीबीची डिस्क विकत आणायला लावून डीडीरेस्क्यू या आज्ञावलीने जुन्या डिस्कची सेक्टरनिहाय प्रत घेतली. ही आज्ञावली आधी सहज वाचता येणारा भाग उचलते, खराब जागा मागे ठेवते आणि शेवटी त्यांच्याकडे वळते. कोठवर काम झाले याचा नकाशा ती वेगळ्या फाइलीत ठेवत असल्यामुळे मध्ये वीज गेली तरी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, आणि जून महिन्यात फोंड्यात वीज गेलीच, दोनदा. चार दिवसांनी प्रत तयार झाली. २ टीबीपैकी फक्त ४६ एमबी वाचता आले नाही.

पुढचे सारे काम त्या प्रतीवरच झाले. आपल्या डिस्कवर कारखान्यातूनच एक्सफॅट ही फाइल सिस्टिम असते, आणि तिच्या सुरुवातीच्या सेक्टरांची दुसरी प्रत ती १२ क्रमांकाच्या सेक्टरपासून ठेवते. त्या दुसऱ्या प्रतीवरून सुरुवात पूर्ववत केल्यावर ड्राइव्ह माउंट झाला. तेव्हा कळले की २०१४ आणि २०१९ चे फोल्डर आता दूषितही दिसत नाहीत, कारण ते उरलेलेच नाहीत. त्यांच्या जागी ‘फाउंड शून्य शून्य शून्य’ नावाचा एक फोल्डर आहे आणि त्यात क्रमांक असलेल्या ३१२ बेनामी फाइली आहेत. चेकडिस्कला ज्यांचा मालक सापडला नाही असे तुकडे तिने तेथे नेऊन टाकले होते. कॅमकॉर्डरच्या तुकड्यांना योग्य विस्तारनाम (नावाच्या शेवटी येणारी, फाइलीचा प्रकार सांगणारी अक्षरे) दिल्यावर त्यांतील बरेचसे चालू झाले, कारण त्या प्रकारची फाइल मधूनही वाचता येते. मोबाइलवरील २०१९ चे नाटक मात्र उघडत नाही. त्या प्रकारच्या फाइलीची अनुक्रमणिका बहुधा अखेरीस असते, आणि तीच हरवली आहे. क्रमांक ४७ ची फाइल लावल्यावर तिसऱ्या अंकातला प्रवेश सुरू झाला आणि मधल्याच वाक्यावर थांबला. तो कोणत्या वर्षाचा, हे मला नेपथ्यावरून ओळखावे लागले.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. एक्सफॅट विंडोज आणि मॅक दोन्हींवर चालते म्हणून आपण ती देता, हे समजण्यासारखे आहे. पण विंडोजची एनटीएफएस किंवा लिनक्सची ईएक्सटी४ जशी बदल करण्यापूर्वी त्याची नोंद एका कीर्दीत करते, तशी कीर्द एक्सफॅट ठेवत नाही. लिहिणे अर्ध्यावर तुटले तर खतावणी जुळविण्यासाठी तिच्यापाशी काहीच नसते. कीर्द असली म्हणून प्रत्येक फाइल वाचते असे नाही, मात्र फोल्डरांचा हिशेब बहुधा लागतो. पावसाळ्यात वीज जाणाऱ्या प्रदेशात विकल्या जाणाऱ्या डिस्कच्या खोक्यात याबद्दल एक ओळही नसावी, हे मला पटत नाही. खोक्यातील पत्रकात डिस्क पाण्यात बुडवू नये असे चित्रासह सांगितले आहे.

माझ्या मागण्या अशा आहेत. स्मार्ट नोंदींवरून पृष्ठभागाचा दोष उघड असल्याने वॉरंटीखाली डिस्क बदलून द्यावी, आणि जुनी डिस्क आधी जमा करण्याची अट माझ्यापुरती शिथिल करावी, कारण तीवर गावातील इतरांचीही चित्रणे आहेत. ती परत घ्यायचीच असेल तर नष्ट केल्याचे लेखी प्रमाणपत्र द्यावे. आपल्या सल्ल्यानंतर मला जी ४ टीबीची डिस्क घ्यावी लागली तिची किंमत भरून द्यावी. हरवलेल्या नाटकांचे मोल मी मागत नाही, ते लावताही येणार नाही. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, सहाय्यवाणीवरील माणसांच्या हाती जी प्रश्नावली दिली जाते तीत ‘दुसरी प्रत आहे का?’ हा प्रश्न पहिला असावा, आणि त्याचे उत्तर ‘नाही’ असल्यास स्मार्ट नोंदी पाहून प्रत काढेपर्यंत चेकडिस्क वा फॉर्मॅट सुचवू नये, असा बदल केल्याचे मला लेखी कळवावे.

वरील बाबींवर ३० दिवसांत उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये सेवेतील त्रुटीबद्दल मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन. या कायद्याने ग्राहकाला आपण राहतो तेथील आयोगाकडे तक्रार करता येते, त्यामुळे कंपनीचे कार्यालय परराज्यात असल्याची अडचण मला येणार नाही.

खरेदीच्या बिलाची प्रत, स्मार्ट नोंदींचे छायाचित्र, चेकडिस्क अडकल्याचे छायाचित्र आणि सेवा केंद्राचा ईमेल या पत्रासोबत जोडला आहे. डिस्क माझ्याकडे जशीच्या तशी ठेवली आहे. आपल्या तंत्रज्ञाला ती माझ्या समक्ष तपासायची असल्यास त्याने रविवार सोडून कोणत्याही दिवशी यावे.

आपला,
(सही)
ग्राहक, फोंडा, गोवा