वहिनी, तुमचे आभार मानायचे राहून गेले होते

वहिनी,

आपल्या घरात दीर भावजयीचे आभार मानत नाही. समोरासमोर बोललो असतो तर "काय भाऊ, काहीतरीच!" म्हणून तुम्ही ओट्याकडे वळला असता. म्हणून हे सगळ्यांदेखत लिहितोय. अमळनेरच्या बाजारात ओळखीचं कुणी भेटलं की विचारतं, "काय भो, कोणता डायट केला?" वजन माझं उतरलं म्हणून कौतुक माझ्या वाट्याला येतं. ते ज्यांचं आहे त्यांच्यापर्यंत पोचायला हवं.

माझी साखर काठावर आली तेव्हाचं तुम्हाला आठवत असेल. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा 5.7 ते 6.4 टक्क्यांच्या मधे आला की पुढे मधुमेहाचा धोका असतो. आपल्याकडे पुरुषाच्या कमरेचा घेर 90 सेंटिमीटरच्या आत असावा असं मानतात, माझा कधीच पुढे गेला होता. वडिलांचं सगळं दुखणं तुम्हीच काढलंत, त्यामुळे तुम्हाला वेगळं काही समजावायची गरजच पडली नाही. मला मिळालेल्या छापील तक्त्यात ओट्स होते, सॅलड होतं, ग्रीन टी होता. आपलं ताट त्यात कुठेच नव्हतं. तुम्ही तो कागद नीट वाचलात, घडी घालून ठेवलात आणि एवढंच विचारलंत, "भाऊ, खायचं मन नेमकं कधी होतं?"

हे मला आधी कुणीच विचारलं नव्हतं. काय खाऊ नका ते सगळ्यांनी सांगितलं होतं.

मन व्हायचं संध्याकाळी. आडतीवरून निघालं की रस्त्यावर तळणीचा वास, आणि पाय आपोआप शेव-फरसाणाच्या दुकानाकडे. तुम्ही हिशेब मांडलात: दुपारी घाईत दोन पोळ्या, रात्रीचं जेवण नऊनंतर, मधे नुसता चहा. त्यानंतर चार-साडेचारला डबा येऊ लागला. कधी कांदा-लिंबू घातलेली मोडाची मटकी, कधी फुटाणे, कधी मूठभर उकडलेल्या शेंगा. प्रथिनं आणि चोथा पोटात असला की भूक लांबते, हे मी नंतर वाचलं. तुम्ही ते आधीच डब्यात भरून पाठवत होतात.

तरीही एखाद्या दिवशी घरी आल्या आल्या मी शेवेचा डबा शोधायचो. तेव्हा तुम्ही अहिराणीत विचारायच्या, "भूक लागनी का जीभ मांगी राह्यनी?" आणि कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, अर्धी भाकर, ताक, ठेचा पुढे ठेवायच्या. भूक असली की ती भाकरही गोड लागते. भाकर नको, शेवच पाहिजे, असं वाटलं तर ती जिभेची मागणी. मग तुम्ही कधी शेंगा सोलायला द्यायच्या, कधी पोरांचा अभ्यास घ्यायला बसवायच्या. तेवढ्यात ती ओढ ओसरायची. ती चढते तशी उतरतेही, आपण थोडं थांबायचं असतं, हे मला तुमच्यामुळे कळलं. आजही संध्याकाळी मी स्वतःला तोच प्रश्न विचारतो.

पण सगळ्यात मोठे आभार रविवारच्या शेवभाजीचे. तुम्ही ती बंद केली नाहीत. कांदा-खोबरं तसंच खरपूस भाजलेलं, काळा मसाला तोच, झणका तोच. फक्त फोडणीचं तेल चमच्याने मोजलेलं. एक ग्रॅम तेलात 9 कॅलरी, म्हणजे मोठ्या चमच्याला साधारण 120. वर तरंगणाऱ्या तर्रीत किती चमचे असतील ते तेव्हा कळलं. रस्सा वाटीभर आणि शेव वेगळ्या छोट्या वाटीत, ऐन जेवताना वरून घालायची, त्यामुळे ती कुरकुरीत राहते आणि थोडीही पुरते. ती छोटी वाटी तुम्ही एकट्या माझ्यापुढे नाही ठेवली, दादापासून पोरांपर्यंत सगळ्यांपुढे ठेवलीत. पंगतीत मला वेगळं पडू दिलं नाहीत. वहिनी, हे मी विसरणार नाही.

हिवाळ्यात शेतात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली तेव्हाही तसंच. भरीत सगळ्यांना, पुऱ्यांच्या जागी कळण्याची भाकर. श्रावणात कानबाई देवीच्या रोटाला, म्हणजे सणाच्या प्रसादाला, मी घाबरलो होतो. रोट घरच्यांनीच संपवायचा, पुरण, खीर, सगळं समोर. तुम्ही म्हणालात, "प्रसादाला नाही म्हणायचं नाही भाऊ, पण ताट भरूनही घ्यायचं नाही." एखादा पदार्थ कायमचा बंद केला की दिवसभर तोच डोक्यात फिरतो. मिळणार आहे हे माहीत असलं की मन शांत राहतं.

आणि झोप. कापसाच्या हंगामात रात्री उशिरापर्यंत हिशेब चालायचे, सोबत केळीच्या वेफर्सचं पाकीट. झोप कमी झाली की भूक वाढवणारं घ्रेलिन हे हार्मोन वाढतं, पोट भरल्याचं सांगणारं लेप्टिन कमी होतं, असं काही अभ्यासांत दिसलंय. तुम्ही वह्या मिटवून दिवा बंद करायच्या.

एक गोष्ट या सगळ्यात माझ्या लक्षात आली. आमची ताटं मोजून वाढणाऱ्या तुम्ही स्वतः सगळ्यांच्या शेवटी, उरलंसुरलं, उभ्याउभ्याच खाता. गुडघे दुखतात तेही कुणाला सांगत नाही. दादाशी माझं बोलणं झालंय. रात्रीची भांडी आता आम्ही दोघं घासू. तुम्ही आमच्याबरोबरच पानावर बसायचं आणि जेवणानंतर जमेल तेवढं चालायला यायचं. आणि साडेचारचा डबा माझ्याकडे निघाला की तसाच एक तुमच्यासाठीही काढून ठेवायचा. नाही म्हणू नका.

तुमचा दीर